जर्मन खंजीर आणि आमची चिंच

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी चहा टाकायला उठायचो. साउथहॅम्प्टनच्या आमच्या मराठी मंडळींत ती अजून रंगवून सांगतात. डॉक्टरांना त्यांच्या गोऱ्या मित्रानं कसं फसवलं, खरा खंजीर स्वतःकडे ठेवून नकली कसा परत केला, वगैरे. गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या शोकसभेतही ती एकानं सांगितली. लोक हळूच हसले. मी दुसऱ्या रांगेत बसून समोरच्या माणसाची कॉलर बघत राहिलो.

त्या गोष्टीत फसवणारा एकजण आहे, हे खरं. पण तो गोरा नव्हे. माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे आणि खरं काय झालं ते जाणणारी दोनच माणसं उरली आहेत. त्यातला एक मी.

डॉक्टर हाडांचे सर्जन होते आणि मी त्याच हॉस्पिटलात एक्स-रे विभागात डॉक्टर. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. मी पाठवलेल्या फिल्म बघून ते फोन करायचे, "अरे, पेशंट आत होता ना फोटो काढताना?" एवढं बोलून फोन ठेवायचे. आमची मैत्री तिथून सुरू झाली.

इथले लोक गोल्फ खेळतात, बाग करतात. डॉक्टर जुने जर्मन खंजीर जमवायचे. लढायचे नव्हेत. गणवेशावर कमरेला लटकवून मिरवायचे. सैन्यातले, नौदलातले तर होतेच, पण त्यांचे खरे लाडके म्हणजे सैन्याबाहेरचे: आगीच्या बंबावरच्या अधिकाऱ्याचा, रेल्वेवाल्याचा, कस्टमवाल्याचा, पोस्टाचा.

"पोस्टाचा?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"पोस्टाचा. आता मला सांग, पत्र टाकायला खंजीर कशाला लागतो?"

"पाकीट फोडायला?"

"ते घेणाऱ्यानं फोडायचं असतं." डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "पोस्टातला माणूस कमरेला खंजीर लावून आरशासमोर उभा राहायला लागला, की त्या देशाला ताप चढलाय असं समजायचं. मी थर्मामीटरं जमवतो."

माझ्या बायकोला हे पटायला वेळ लागला. घरात असल्या वस्तू ठेवणारा माणूस मनातून कसा असेल, अशी तिला शंका. डॉक्टरांना ते कळलं तेव्हा ते तिला म्हणाले, "वहिनी, मला ती माणसं आवडत असती तर मी पस्तीस वर्षं गोऱ्या म्हाताऱ्यांचे खुबे बदलत बसलो असतो का? काहीतरी सोपं काम बघितलं असतं."

त्यांच्या घरी गेलं की आधी पांढरे सुती हातमोजे मिळायचे, मग चहा. पात्याला उघडं बोट लागलं की घामानं काही महिन्यांनी तिथं गंज धरतो, थेट ठशासकट. असा एक ठसा त्यांनी मुद्दाम पुसला नव्हता. आमच्या मंडळाच्या त्या वेळच्या अध्यक्षांचा होता. "हा अध्यक्षांचा अंगठा," डॉक्टर भिंग देऊन दाखवायचे. "पोहे खाऊन लावलेला. तेल दिसतंय बघ." नंतर अध्यक्ष व्यासपीठावर भाषणाला उभे राहिले की डॉक्टर माझ्या कानात म्हणायचे, "अंगठा बोलतोय."

काही खंजिरांवर ते वाकडं स्वस्तिक होतं. पाहुणे येणार असले की डॉक्टर त्यावर आधी टिश्यू पेपर आणि वर हॉस्पिटलातली चिकटपट्टी लावायचे. एका दसऱ्याला मंडळाच्या शस्त्रपूजेसाठी त्यांनी पाच खंजीर हॉलमध्ये आणले. हॉल सांभाळणाऱ्या इंग्रज बाईंनी पट्ट्या बघून विचारलं, "यांना लागलंय का?" डॉक्टर म्हणाले, "हो, मॅडम. पण जखम नैतिक आहे." बाई "अरेरे" म्हणाल्या आणि बिस्किटांची बशी पुढे केली.

कायद्याला ते फार जपायचे. खंजीर घेऊन बाहेर पडायचं असलं की आदल्या दिवशी पोलीस स्टेशनात जाऊन सांगून यायचे: उद्या अमुक रस्त्यानं, अमुक गाडीतून, कुलूपबंद पेटीत इतके खंजीर नेणार आहे. तीन-चार वर्षं ऐकून घेतल्यावर तिथला हवालदार म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही कृपा करून आम्हाला सांगू नका. आम्हाला प्रत्येक वेळी लिहून घ्यावं लागतं." त्याचं डॉक्टरांना फार वाईट वाटलं. या देशाची शिस्त ढासळत चालल्याचा पुरावा म्हणून ते ही गोष्ट सांगायचे.

आता मुख्य खंजीर. तो कैसरच्या काळातला, एका वनाधिकाऱ्याचा. पितळेची नक्षी, सांबराच्या शिंगाची मूठ, आणि पात्यावर वरवर कोरलेलं पळतं हरीण, मागे दोन शिकारी कुत्री. डॉक्टरांच्या पत्नीला सगळ्या संग्रहात तेवढा एकच आवडायचा, हरणासाठी. त्या गेल्यावर डॉक्टर बाकीचे खंजीर कपाटात ठेवायचे आणि हा बैठकीत, काचेखाली.

मूठ आणि पातं मुळातलं एकमेकांचं आहे, की कुणी नंतर जुळवलंय, अशी त्यांना शंका होती. "या पात्याचं हे दुसरं लग्न असावं," ते म्हणाले. "आत काय आहे ते बघायला पाहिजे. तू फोटो काढ."

"कसला फोटो?"

"एक्स-रे. शिंग म्हणजे हाडच. माझ्याच खात्यातला पेशंट आहे."

आणि मी काढला, जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी रीतसर फॉर्म भरून आणला होता. पेशंट: श्री. फोर्स्टर. वय: शंभरच्या आसपास. तक्रार: मान हलते. फोर्स्टर म्हणजे जर्मनमध्ये वनाधिकारी, हे मला नंतर कळलं. फिल्ममध्ये मुठीच्या आतला खिळा आणि शिंगातला एक नागमोडी तडा स्वच्छ दिसला. "पहिलंच लग्न आहे," डॉक्टर म्हणाले आणि फिल्म छातीशी धरून निघून गेले.

हा खंजीर त्यांना ज्यानं विकला तोच तो गोरा मित्र. गावाबाहेरच्या एका हॉलमध्ये रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा, तिथं त्याचं टेबल असे. डॉक्टरांनी त्याचा गुडघा बसवला होता. ओळख तिथली. रविवारी तो व्हॅनमधून दोन घडीच्या खुर्च्या आणायचा, एक स्वतःला, एक डॉक्टरांना. दोघं शेजारी बसायचे आणि तासाला चार वाक्यं बोलायचे. त्यातली तीन भांडणाची.

"माझा माल नकली असून रोज चालतोय," डॉक्टर त्याच्या गुडघ्याकडे बोट दाखवायचे. "तुझा खरा असून इथंच पडून आहे."

"तुझ्या मालाची गॅरंटी संपली, डॉक," तो म्हणायचा.

डॉक्टरांच्या पत्नी गेल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी डबे पोचवले, गीतेचे अध्याय वाचले, आणि पंधरा दिवसांनी आपापल्या कामाला लागलो. तो मात्र त्यांना दर रविवारी बाजार उठला की आपल्या घरी जेवायला न्यायचा. त्याची बायको चीज घातलेला फ्लॉवर करायची. डॉक्टर आंब्याचं लोणचं घेऊन जायचे. पुढे पुढे तो गोरा लोणचं नसेल तर फ्लॉवरला हात लावेना. डॉक्टर नीट जेवतात असा आठवड्यातला तो एक दिवस होता. मी काय मोडलं, ते हे.

एका शरद ऋतूत डॉक्टर दोन महिने पुण्याला गेले, बहिणीच्या आजारपणासाठी. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. जाण्याआधी वनाधिकाऱ्याच्या म्यानाची शिवण उसवली होती, म्हणून त्यांनी तो मित्राकडे दुरुस्तीला दिला होता. डॉक्टर निघायच्या आदल्या दिवशी मित्रानं तो फडक्यात गुंडाळून परत आणून दिला. डॉक्टर बॅग भरण्याच्या गडबडीत. न उघडता कपाटात ठेवून गेले.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पुण्याहून फोन आला. दरवर्षी त्या दिवशी ते खंजीर मांडायचे.

"हातमोजे घाल. वनाधिकाऱ्याला फडक्यातून काढ. सगळे ओळीनं मांड. समोर एकेक फूल ठेव, लांब. हळदकुंकू नाही, पाणी नाही, उदबत्ती नाही. नमस्कार कर आणि घरी जा."

"एवढंच?"

"एवढंच. तू हुशार आहेस म्हणून सांगतो, डोकं वापरू नको."

दुसऱ्या दिवशी मी फडकं सोडलं. पितळ काळपट, तपकिरी, अगदी अडगळीतल्या समईसारखं. आणि मला माझं लहानपण आठवलं. दसऱ्याला पितळेची भांडी घासणं हे आमच्या घरी माझं काम होतं. मी घासलेला तांब्या आई शेजारणींना बोलावून दाखवायची. नंतर आयुष्यात मी डॉक्टर झालो, परदेशी आलो, पण तेवढं निखळ कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही. मला वाटलं, सणाचा दिवस, मालक परगावी, आणि देवापुढे हे असं ठेवायचं?

गाडी काढून घरी गेलो, चिंचेचा गोळा आणि मीठ घेऊन आलो. झाडांना पाणी घालायला बायकोही बरोबर आली. मी निष्काळजी होतो असं कुणी समजू नये. शिंगाच्या मुठीला मी आधी अन्न झाकायची पातळ प्लास्टिकची क्लिंग फिल्म गुंडाळली. मग डॉक्टरांच्या सिंकमध्ये बसवून पितळेला चिंच चोळली. वीस मिनिटांत सोन्यासारखं झालं. आता त्यापुढे पातं मळकं दिसायला लागलं, म्हणून ते हिरव्या घासणीनं घासलं. घासता घासता मागचं एक कुत्रं निघून गेलं. मला वाटलं, डाग होता.

"अहो, त्यांनी हे सांगितलं होतं का?" बायकोनं विचारलं.

"सरप्राइज आहे."

"त्यांना सरप्राइज आवडतं?"

मी खंजीर ओळीनं मांडले. फुलं ठेवली, नमस्कार केला. मग सहज टेबलावरचं त्यांचं खंजिरांवरचं जाडजूड पुस्तक उघडलं. समासात त्यांच्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं: काळपटपणा हीच जन्मपत्रिका. घासला की मेला.

मी ते बायकोला वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "आत्ताच फोन करा." पुण्यात तेव्हा दुपार होती, करता आला असता. मी फोन केला नाही. मी कोपऱ्यातल्या कपाटातून त्यांचं तपकिरी बूटपॉलिश काढलं, पितळेच्या नक्षीत भरलं आणि खंजीर बैठकीत काचेखाली ठेवला.

डॉक्टर परत आले त्या दिवशी मी त्यांना विमानतळावरून घेऊन आलो. त्यांनी कोट काढायच्या आधी हातमोजे घातले. काचेखालून खंजीर उचलला. भिंग लावलं. मग नाकाजवळ नेऊन वास घेतला.

"पॉलिश," ते म्हणाले.

मी किटली लावत होतो. मनात वाक्य तयार होतं.

"हा नवा आहे. नवा बनवून, पॉलिश फासून म्हातारा केलाय. नकली माल करणारे असंच करतात." आणि मग त्यांचा आवाज चढला. "कुत्रं कुठाय? अरे, एक कुत्रंच नाही! हरामखोर कुत्रं कोरायला विसरला!"

मला हसू आलं, हे मी लपवत नाही. ते हसू गिळेपर्यंत त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

"फडक्यातून तूच काढलास ना?"

"हो."

"तेव्हा असाच होता?"

किटलीचा आवाज वाढत होता. एखादं मिनिट मिळालं असतं तर मी खरं बोललो असतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. मिनिट मिळालं होतं. डॉक्टर किटली बंद होईपर्यंत थांबले होते.

"हो," मी म्हणालो.

पुढच्या रविवारी मीच त्यांना बाजारात घेऊन गेलो. त्यांनी खंजीर मित्राच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझा मला परत दे."

त्यानं चष्मा वर करून पाहिलं. उलटवला, पुन्हा पाहिलं. "हा तुझाच आहे, डॉक. कुणीतरी याच्यावर हात चालवलाय."

"माझ्या मित्रानं तुझं फडकं सोडलं. तेव्हा असाच होता. त्यानं स्वतः पाहिलाय."

तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मी शेजारच्या टेबलावरच्या चहाच्या बरण्या बघू लागलो.

"असं का," तो म्हणाला. डॉक्टर खंजीर उचलून वळले आणि चालू लागले. मी मागे पाहिलं तर तो दुसरी खुर्ची घडी करून व्हॅनमध्ये ठेवत होता.

आठवड्यानं डॉक्टर जुनी फिल्म घेऊन माझ्याकडे आले. "याचा परत एक्स-रे काढू. खिळा आणि तडा जुळला तर तोच. मी त्याची माफी मागेन." म्हणजे मनात कुठेतरी त्यांनाही मित्राला सोडवायचं होतं. मी निवृत्त झालो होतो, पण विभागात अजून माझी माणसं होती.

"आता सगळं कॉम्प्युटरवर असतं, डॉक्टर," मी म्हणालो. "पेशंटचा नंबर लागतो. श्री. फोर्स्टर चालणार नाहीत."

हे अक्षरशः खरं होतं. "हं," ते म्हणाले, "मग राहू दे."

त्यानंतर त्यांनी एकही खंजीर घेतला नाही. रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायला लागले. बायको मुद्दाम फ्लॉवर करायची. ते दोन घास खाऊन म्हणायचे, "छान झालाय, वहिनी," आणि पान सरकवायचे. ते गेले की ती मला विचारायची, "तुम्ही सांगता की मी सांगू?" मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी." चार वर्षांपूर्वी ती गेली. तिनं सांगितलं नाही. ते माझ्यासाठी ठेवलं.

मग डॉक्टरांची मुलगी त्यांना ब्रिस्टलला घेऊन गेली. या वर्षीच्या सुरुवातीला मी ट्रेननं त्यांना भेटायला गेलो. मुलीचा जन्म इथलाच. दार उघडून म्हणाली, "काका, बाबाचा तब्येत ओके आहे, पण मूड एकदम रबिश. तू ये ना."

डॉक्टर खिडकीशी बसले होते, अंगावर शाल. "बस," ते म्हणाले. "कागद घे. माझा हात थरथरतो. इंग्रजीत लिही."

"काय लिहू?"

"त्याला पत्र." मी पेन उघडलं. ते थांबत थांबत सांगू लागले. "लिही. तू खंजीर बदललास, तेव्हा तुला तशी गरज असणार. मला विचारलं असतंस तर मी दिला असता. मी तुला माफ केलं आहे. गुडघा कसा आहे? सही मी करतो."

माझ्या हातून ते माझ्या सुवाच्य अक्षरात लिहून झालं.

"पोस्टानं पाठवू?"

"नको. तू नेऊन दे. त्याचा चेहरा कसा होतो ते मला येऊन सांग."

तो गोरा आता वाळून अर्धा झाला होता. दारातच त्यानं पत्र दोनदा वाचलं. मग मला आत घेतलं, बसवलं आणि म्हणाला, "तुम्हीच ना ते?"

"हो."

"काय वापरलंत?"

"चिंच. आणि मीठ. मग घासणी." मी थांबलो. "मग बूटपॉलिश."

चिंचेपर्यंत तो शांत होता. बूटपॉलिश ऐकल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले.

"मला तुमची माफी..." मी सुरुवात केली.

त्यानं हात वर केला. "त्याला सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिकडे. मी पहिल्या दिवसापासून ओळखून होतो, मला सांगून काय बदलणार? तो मला चोर समजून मरायला नको, एवढं बघा." दारापर्यंत आला आणि म्हणाला, "आणि सांगा, गुडघा चालतोय."

मी पुन्हा ब्रिस्टलला निघालो. गाडीत वाक्य पाठ करत होतो. समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, तुम्ही माझ्याशी बोलताय का?

डॉक्टर त्या दिवशी खुशीत होते. "काय म्हणाला?"

"गुडघा चालतोय म्हणाला."

"आणि खंजिराचं? नाही म्हणाला?"

"नाही... म्हणजे, त्यावर काही..."

"नाकारलं नाही!" त्यांनी मुलीला हाक मारली. "ऐकलंस? नाकारलं नाही त्यानं. मर्द माणूस आहे. अरे, पुढच्या रविवारी मला घेऊन चल त्याच्याकडे. लोणच्याची बरणी घेऊ." त्यांचे गाल वर आले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता नको, रविवारी गाडीत सांगू. साउथहॅम्प्टनपर्यंत चांगला दोन तासांचा रस्ता आहे.

तरी निघताना कोट घालून मी दारातून परत फिरलो. "डॉक्टर, तो खंजीर..."

"सोड रे आता," ते हसून म्हणाले. "माफ केलं म्हटलं ना मी."

आणि मी ते घेतलं. दुसऱ्यासाठीचं होतं, तरी घेतलं आणि जिना उतरलो. गुरुवारी सकाळी मुलीचा फोन आला.

गाडीत पाठ केलेलं होतं ते इतकंच: डॉक्टर, त्यानं काही केलं नाही. तो तुमचाच खंजीर आहे. चिंचेनं मी घासला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. मला माफ करा.